टचस्क्रीन दाद देत नसेल तर दोष कसा शोधावा

फोन किंवा टॅबलेटचा पडदा बोटाला दाद देईनासा झाला की बहुतेक जण आधी बोट अधिक जोराने दाबतात आणि तेवढ्याने भागले नाही तर थेट फॅक्टरी रीसेटकडे, म्हणजे फोनमधील सर्व काही पुसून तो नव्यासारखा करण्याकडे, वळतात. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. आजच्या जवळपास सर्व फोनमध्ये कपॅसिटिव्ह प्रकारचा पडदा असतो. त्याच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांचे आडवे-उभे जाळे असते, आणि बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते; हा बदल टिपून स्पर्शाची जागा ठरवली जाते. दाब किती आहे, हे या जाळ्याला कळतच नाही, त्यामुळे जोर लावून काही साधत नाही, उलट तडा गेलेली काच आणखी फुटते. रीसेटने मजकूर आणि छायाचित्रे जातात, आणि दोष जाळ्यातच असेल तर तो जागच्या जागी राहतो. म्हणून उपाय करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे शोधणे महत्त्वाचे आहे.

पहिला प्रश्न असा की, केवळ स्पर्श बंद पडला आहे की संपूर्ण यंत्रणाच अडकली आहे? पॉवर बटण एकदा दाबून पडदा विझतो आणि पुन्हा उजळतो का, आवाजाचे बटण दाबल्यावर पडद्यावर आवाजाची पट्टी दिसते का आणि घड्याळ पुढे सरकते का, हे पाहावे. हे सर्व होत असेल तर यंत्रणा जिवंत आहे आणि संशय स्पर्शाच्या भागावर जातो. काहीच होत नसेल तर यंत्रणा अडकली आहे. दोन्ही परिस्थितींत सक्तीने रीस्टार्ट करून पाहावे. त्याने साठवलेली माहिती पुसली जात नाही, फक्त जतन न केलेले काम जाते. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या आयफोनवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून लगेच सोडावे, मग आवाज कमी करण्याचे बटण दाबून सोडावे आणि त्यानंतर बाजूचे बटण अॅपलचे चिन्ह दिसेपर्यंत दाबून ठेवावे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून ठेवावे लागते. फोन पुन्हा सुरू होण्यास दहा सेकंदांहून अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे मध्येच बोट उचलू नये.

यानंतर बाहेरची कारणे दूर करावीत. फोन बंद करून चार्जर, कव्हर आणि स्क्रीन गार्ड काढावा आणि पडदा मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडा करावा. पाण्याचा थेंबही विद्युतधारकता बदलतो, त्यामुळे ओल्या पडद्यावर किंवा घामेजलेल्या बोटांनी केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. कडेने सुटलेला किंवा फार जाड गार्ड स्पर्श अडवतो, तर घट्ट कव्हर पडद्याच्या कडा दाबून धरते. चार्जरकडे मात्र सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट जाळ्याच्या मोजमापात मिसळतो आणि पडदा बोट न लावताही आपोआप स्पर्श नोंदवू लागतो किंवा बोट टेकवले तरी प्रतिसाद देत नाही. चार्जर काढताच पडदा सुधारत असेल, तर फोनऐवजी चार्जर बदलावा.

एक फसवी स्थितीही लक्षात ठेवावी. दृष्टिहीनांसाठी असलेली टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ही सुविधा चुकून सुरू झाली तर एका स्पर्शाने बटण फक्त निवडले जाते आणि ते उघडण्यासाठी दोनदा टॅप करावे लागते. फोन पडद्यावरील मजकूर वाचून दाखवू लागला, तर पडदा बिघडलेला नसून हेच घडलेले आहे.

आता खरी चाचणी. चित्र काढण्याचे कोणतेही अॅप उघडून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट न उचलता एकमेकींच्या जवळ आडव्या रेषा ओढाव्यात, मग तशाच उभ्या. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केल्यास डेव्हलपर पर्याय खुले होतात आणि त्यातील पॉइंटर लोकेशन सुरू केल्यावर बोटाचा माग पडद्यावर उमटतो. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये डायलरवर *#०*# लिहिल्यास स्पर्शाची स्वतंत्र चाचणी उघडते. ओढलेली रेषा नेमकी कोठे तुटते, त्याची खूण लक्षात ठेवावी.

या खुणांवरून बरेच कळते. पडद्याच्या संपूर्ण लांबीतून किंवा रुंदीतून जाणारी सरळ पट्टी मृत असेल तर जाळ्यातील एखादी रेषा किंवा तिची जोडणी निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. तडा गेलेल्या जागेभोवतीचा वेडावाकडा भाग मृत असेल तर कारण उघडच आहे. सगळा पडदा मुका पण चित्र स्वच्छ असेल तर आतील केबलची जोडणी सैल झालेली असू शकते, विशेषतः फोन पडल्यानंतर. शंका राहिल्यास फोन आडवा करावा. मृत भाग काचेच्या त्याच जागी राहिला तर दोष हार्डवेअरचा आहे. चित्रासोबत तो फिरला तर एखादे अॅप पडद्यावर पसरून स्पर्श अडवत आहे. ही साधी तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते.

अॅपचा संशय असेल तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली अॅप बंद ठेवून, सुरू करावा. पुष्कळ फोनवर चालू होताना आवाज कमी करण्याचे बटण धरून ठेवल्यास तो उघडतो. तेथे स्पर्श नीट चालला तर अलीकडे टाकलेली अॅप एकेक करून काढावीत. साठवण जवळजवळ भरलेली असेल तर तीही मोकळी करावी, कारण त्यामुळे संथ झालेला फोन स्पर्शाला उशिरा प्रतिसाद देतो.

एका बाबतीत मात्र थांबावे. पडदा कडेने वर उचलला गेला असेल किंवा फोनची पाठ फुगली असेल तर आतील बॅटरी फुगलेली असू शकते. असा फोन चार्ज करू नये, दाबून सपाट करू नये आणि लगेच जाणकाराकडे न्यावा.

दोष हार्डवेअरचा ठरला तर दुरुस्तीआधी माहिती वाचवावी. अनेक अँड्रॉइड फोनना ओटीजी जोडणीने (फोनला यूएसबी उपकरण जोडणाऱ्या छोट्या अडॅप्टरने) साधा यूएसबी माउस लावता येतो आणि पडद्यावर बाण येतो, त्याने पिन टाकून बॅकअप घेता येतो. आयपॅडवर ही सोय २०२० मधील आयपॅडओएस १३.४ पासून आहे. बहुतेक फोनमध्ये स्पर्शाचे जाळे डिस्प्लेलाच जोडलेले असल्याने दोन्ही एकत्र बदलावे लागतात. तरी आधी केबलची जोडणी काढून पुन्हा बसवून पाहण्यास सांगावे. फोन परत घेताना त्याच आडव्या-उभ्या रेषा कोपऱ्यांपर्यंत ओढून पाहाव्यात, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून.