स्वल्पविराम असलेली रक्कम बिगडेसिमलमध्ये (जावाचा अचूक दशांश संख्येचा प्रकार) जात नाही? (जावाचं स्प्रिंग बूट आणि जेसन वाचणारी लायब्ररी जॅक्सन २)

नाशिकमधल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या हिशेबपट्टीचं काम करतोय. पिंपळगावहून येणाऱ्या जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) रक्कम "१,२५,०००.५०" अशी स्ट्रिंग असते. एपीआय (डेटा स्वीकारणारा आमचा प्रोग्राम) लगेच ४०० (विनंती चुकीची) देतं आणि लॉगमध्ये 'नॉट अ व्हॅलिड रिप्रेझेंटेशन'.

आधी फील्डवर @नंबरफॉरमॅट हे अ‍ॅनोटेशन (कोडवरची खूण) लावलं, ढिम्म फरक नाही. ते फॉर्म आणि क्वेरी पॅरामीटरसाठी आहे. रिक्वेस्ट बॉडी जॅक्सन वाचतो, त्याला स्प्रिंगचं हे अ‍ॅनोटेशन कळत नाही. मग सगळ्या बिगडेसिमलना एकच डिसिरिअलायझर (जेसनच्या मजकुरातून जावाची किंमत बनवणारा क्लास) जोडला, तर वजनाच्या रकान्यात चुकून आलेलं "१२,५" बिनबोभाट १२५ क्विंटल झालं. डोकं पार उठलं.

शेवटी चाललं ते असं. पहिल्यांदा एसटीडी-डिसिरिअलायझर एक्स्टेंड करून क्लास लिहा: गेट-व्हॅल्यू-अ‍ॅज-स्ट्रिंगने मजकूर घ्या, ट्रिम करा, रिकामा असेल तर नल (किंमत नाही) द्या, स्वल्पविराम काढा, मग बिगडेसिमल बनवा. नंबरफॉरमॅट-एक्सेप्शन (मजकुरातून संख्या बनत नसल्याची चूक) आलं तर कॉन्टेक्स्टच्या हँडल-वीअर्ड-स्ट्रिंग-व्हॅल्यूकडे सोपवा.

नंतर @रुपये नावाचं अ‍ॅनोटेशन करा. त्याच्यावर चार गोष्टी हव्यात: टार्गेट फील्ड, रिटेन्शन (खूण कुठपर्यंत टिकते) रनटाइम, @जॅक्सन-अ‍ॅनोटेशन्स-इनसाइड (आतली अ‍ॅनोटेशन्सही वाच, असं जॅक्सनला सांगणारं) आणि @जेसन-डिसिरिअलाइझमध्ये वरचा क्लास. रिटेन्शन विसरलात तर कंपाइल बिनतक्रार होईल, पण जावाची मूळ सेटिंग 'क्लास' असल्यामुळे चालताना जॅक्सनला काहीच दिसणार नाही. 'इनसाइड' वगळलं तरी तेच.

आता फक्त रकमेच्या फील्डवर @रुपये लावा. वजनावर नको, तिथे "१२,५" आलं की ४०० यायलाच हवं. अवतरणाशिवाय साधी संख्या आली तरी हाच क्लास ती वाचतो.