कमिसरीत क्वालिटी मॉनिटर म्हणून रुजू होताय? पहिल्या रात्रीआधी एवढं करून ठेवा

अमेरिकेतल्या लष्करी तळावरच्या किराणा दुकानात, म्हणजे कमिसरीत, रात्री शेल्फ भरणं, फरशी-साफसफाई, मागच्या गोदामात माल उतरवून घेणं ही कामं बऱ्याच ठिकाणी काँट्रॅक्टरकडे असतात आणि आपल्याच माणसांचं काम सरकारी माणसाच्या नजरेखाली जायच्या आधी तपासायला काँट्रॅक्टर जो माणूस ठेवतो तो क्वालिटी मॉनिटर. मी हे काम करतेय, आणि नवीन कोणी आलं की तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी गेटचं बघा, कारण कितीही हुशार असलात तरी गेटवरून परत पाठवलं तर पहिली रात्र गेलीच. बॅकग्राउंड चेक आणि तळाचा पास याला दिवस लागतात, तेव्हा कंपनीने कागद मागितले की त्याच दिवशी द्या, रिअल आयडीवालं (केंद्र सरकारच्या ओळखपत्राच्या नियमात बसणारं) लायसन्स आहे ना ते बघा, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स हाताशी ठेवा. तळावर गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, शस्त्र तर गाडीत राहिलेलं सुद्धा चालत नाही. सकाळी शिफ्ट सुटताना बिगुल वाजला तर गाडी थांबवा, चालत असाल तर झेंड्याकडे तोंड करून उभं राहा, हे आपण सिव्हिलियन असलो तरी करायचं. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की नुसतं काँट्रॅक्टरचा माणूस म्हणून तिथे खरेदी करता येत नाही, खरेदीचा हक्क वेगळा असतो.

मग काँट्रॅक्ट वाचा. हो, तुम्हीच वाचा, सुपरवायझरने तोंडी सांगितलेल्यावर राहू नका. त्यात पीडब्ल्यूएस (परफॉर्मन्स वर्क स्टेटमेंट) म्हणून भाग असतो, कुठलं काम किती वाजेपर्यंत आणि कुठल्या दर्जाचं हवं ते सगळं त्यात असतं, त्याची प्रिंट काढून आपल्या स्टोअरला लागू असलेल्या ओळींवर मार्कर फिरवा. दोन शब्दांतला फरक डोक्यात पक्का बसवा, क्वालिटी कंट्रोल आपलं, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सरकारचं. सरकारच्या बाजूने काम बघतो तो सीओआर, म्हणजे काँट्रॅक्टिंग ऑफिसरचा प्रतिनिधी, पण काँट्रॅक्ट बदलायचा अधिकार त्यालाही नाही, तो फक्त काँट्रॅक्टिंग ऑफिसरला. हे का महत्त्वाचं तर कधीतरी स्टोअरमधलं कोणी गोड बोलून म्हणतंच की जरा ते मागचं कोल्ड रूम पण आवरून घ्या ना, आणि आपण माणुसकीने हो म्हटलं की ते काम काँट्रॅक्टमध्ये नसतं, पैसे कोण देणार हा वाद होतो आणि ज्या आयलचं (दोन शेल्फांमधल्या रांगेचं) काम खरंच आपलं होतं ते मागे पडतं. नम्रपणे लिहून घ्या, आपल्या मॅनेजरला कळवा, तिथेच थांबा.

बॅगेत काय? पायात न घसरणारे, पुढे कडक टोपी असलेले बूट, फ्रीझरसाठी जाड जॅकेट आणि हातमोजे, छोटा टॉर्च (शेल्फच्या मागच्या कोपऱ्यात दिव्याचा उजेड पोचतच नाही), दोन पेनं, क्लिपबोर्ड, आणि प्रोब (टोकदार सळीचा) थर्मामीटर. थर्मामीटर रोज शिफ्टच्या सुरुवातीला तपासा, ग्लासभर बारीक बर्फ, त्यात थोडं पाणी, टोक मधोमध, काच किंवा तळाला न टेकवता, आकडा ३२ फॅरनहाइट यायला हवा, दोन अंशांच्या आत चालतं. ज्या थर्मामीटरची खात्री नाही त्याच्या आकड्यावर दुधाचा पॅलेट (लाकडी फळीवर रचलेला मालाचा ढीग) परत पाठवायचा की घ्यायचा हे तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

थंड मालाला ४१ फॅरनहाइट किंवा त्याखाली, हा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे, आणि फ्रोझन माल दगडासारखा कडक, शून्य फॅरनहाइटच्या आसपास. विकायच्या पाकिटाला भोक पाडायचं नाही, दोन दुधाचे डबे घट्ट एकमेकांना लावून मध्ये प्रोब धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. इन्फ्रारेड गन झटपट आहे पण ती फक्त वरचा पृष्ठभाग सांगते, निर्णय तिच्यावर नको. रात्री खरी गडबड इथेच होते, स्टॉकर, म्हणजे शेल्फ भरणारा, बिचारा दह्याचा पॅलेट कूलरमधून काढतो, मध्येच दुसरीकडे मदतीला बोलावतात आणि पॅलेट आयलमध्ये तसाच उभा. म्हणून मी पॅलेट बाहेर आला की त्याच्या प्लास्टिकवर टेप लावून मार्करने वेळ लिहिते, साधं काम आहे पण त्यामुळे कोणाशी वाद घालावा लागत नाही. फ्रीझरच्या दारातून बघाल तेव्हा आइस्क्रीमच्या डब्यावरचं झाकण नीट बघा, कडेने ओघळून परत गोठलेली पिवळसर रेघ दिसली तर तो माल कुठेतरी वितळून आलाय.

गोदामात माल जमिनीपासून ६ इंच वर, स्प्रिंकलरच्या खाली १८ इंच मोकळे, कच्चं चिकन इतर कशाच्याही वर नाही.

आता तारखा, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. रोटेशन म्हणजे जुनं पुढे, नवं मागे, सांगायला सोपं, पण पहाटे चारला दमलेला माणूस नवी पाकिटं पुढेच सारतो आणि ओळ छान भरलेली दिसते. सगळ्या मालावर तारीख साध्या भाषेत नसते, अंड्यांच्या कार्टनवर पॅकिंगचा दिवस तीन आकड्यांत असतो, ०४५ म्हणजे वर्षाचा पंचेचाळिसावा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, त्यामुळे ज्युलियन कॅलेंडरचा, म्हणजे वर्षाचा कितवा दिवस कुठल्या तारखेला ते दाखवणारा, कागद क्लिपबोर्डला मागून चिकटवून ठेवा. बाळाच्या फॉर्म्युल्याचं वेगळं, अमेरिकेत बेबी फॉर्म्युल्यावर (बाळाच्या दुधाच्या पावडरीवर वगैरे) यूज बाय, म्हणजे या दिवसापर्यंत वापरा अशी तारीख कायद्यानेच सक्तीची आहे, इतर बहुतेक मालावर केंद्राची तशी सक्ती नाही, म्हणून मी प्रत्येक रात्री फॉर्म्युल्याचं शेल्फ सगळ्यात आधी बघते, एकेक डबा हातात घेऊन. तिथे नवऱ्याची डिप्लॉयमेंट (दूरच्या मोहिमेवरची नेमणूक) चालू असताना एकटी बाळ सांभाळणारी बाई येणार आहे, तिने तारीख वाचलीच पाहिजे अशी वेळ आपण येऊ का द्यायची?

रिकॉलचा, म्हणजे सदोष माल परत मागवल्याचा मेसेज आला, लष्करात त्याला ऑलफूडॅक्ट म्हणतात, तर लॉट नंबर (पाकिटावरचा उत्पादनाच्या गटाचा क्रमांक) जुळवायचा, माल बाजूला काढून मोजायचा, स्टोअरच्या माणसाच्या ताब्यात द्यायचा. स्वतः फेकायचा नाही. आर्मीच्या व्हेटरिनरी सर्व्हिसचे फूड इन्स्पेक्टर येतात, त्यांना हवी ती जागा दाखवा, प्रश्नाला सरळ उत्तर द्या.

कॅलेंडरवर १ आणि १५ ला लाल गोल करा. त्या दिवशी पगार होतो आणि ट्रॉल्यांची रांग लागते, त्याच्या आदल्या रात्री तपासणी एक तास आधी सुरू करा नाहीतर चुका सापडतील पण दुरुस्त करायला माणूस उरणार नाही.

माणसांची तयारी ही पण तयारीच. कमिसरीची बरीच शेल्फ स्टॉकिंगची काँट्रॅक्ट्स अ‍ॅबिलिटीवन कार्यक्रमातून जातात, म्हणजे दृष्टिहीन किंवा गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून असलेला कार्यक्रम, तेव्हा कोणाला लेखी सूचना कळते, कोणाला हाताने करून दाखवावं लागतं, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या आणि नावं पाठ करा. चूक दाखवायची ती शेल्फपाशी नेऊन, चारचौघांत नाही. माझ्या ओळखीत सगळ्यात नेमकं रोटेशन करणारा माणूस वर्षभरात चार वाक्यं बोलला असेल.

शेवटची गोष्ट चेकलिस्टची. आधीच्या एका कंपनीत मला सांगितलं गेलं होतं की पाचच्या आत सगळ्या आयलवर टिक मारून कागद दे, आणि मी नवी होते, दिला. दह्याच्या ओळीत मी पुढची दोन पाकिटं बघितली होती, सकाळी सरकारी तपासणीला आलेल्या बाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि मागून नऊ पाकिटं काढली, तारीख कालची. त्यांनी आवाज चढवला नाही, नुसता माझ्या सहीवर अंगठा ठेवून कागद माझ्याकडे वळवला. तेव्हापासून जिथे माझा हात मागच्या पाकिटापर्यंत गेला नाही तिथे मी टिक मारत नाही, रिकामं ठेवते आणि शेजारी लिहिते, बघितलं नाही, वेळ पुरला नाही. मॅनेजर कुरकुर करतात, करू देत. नुसत्या पाट्या टाकून भरलेला कागद सरकारी माणसाला दोन मिनिटांत ओळखू येतो आणि मग तुमच्या खऱ्या टिकवरही कोणी विश्वास ठेवत नाही. सापडलेली चूक, वेळ, कोणी दुरुस्त केली आणि परत बघितली का, एवढं प्रत्येक ओळीत, आणि शिफ्ट सुटताना त्याचा फोटो कंपनीने परवानगी दिलेल्या फोनवरच काढा, मूळ कागद ऑफिसच्या फाइलमध्ये, कॉपी दिवसपाळीच्या माणसाच्या हातात.