वस्तऱ्याला गंज लागू नये म्हणून

कार्बन स्टीलचा वस्तरा गंजतो तो बहुतेक वेळा दाढीनंतरच्या दहा मिनिटांतल्या हलगर्जीपणामुळे. साबणाचा फेस आणि घामातला क्षार पात्यावर राहिला की काही तासांतच डाग उमटतात.

दाढी झाल्यावर पातं वाहत्या पाण्यात धुवा, पण पाणी मुठीत शिरू देऊ नका. मग टिश्यू पेपरने पाठीकडून धारेकडे टिपा. धारेच्या लांबीला समांतर पुसलं तर कागदही कापतो आणि बोटही. खरी गोची खिळ्यापाशी असते. पातं आणि मूठ यांच्या फटीत थेंब अडकतो, म्हणून टिश्यूची बारीक घडी तिथून ओढून काढा. त्यानंतर कोऱ्या, म्हणजे धारेची पेस्ट न लावलेल्या, चामडी पट्ट्यावर पाच-दहा हलके हात मारले की धारेवरची उरलीसुरली ओलही जाते.

वस्तरा उघडाच ठेवून तासभर वाळवा, मगच मिटा. रोज वापरात असेल तर तेलाची गरज नाही. आठवडाभर पडून राहणार असेल तर मिनरल ऑइलचा किंवा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना पातळ पसरवा. खाद्यतेल नको, ते कालांतराने चिकट होतं. बाथरूममध्ये किंवा चामड्याच्या बंद पाकिटात ठेवणं तर टाळाच.

करडी-निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. तांबूस ठिपके मात्र लगेच मेटल पॉलिशने घासा. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तेवढा भाग सोडून, कारण मुलामा पॉलिशने निघून जातो. धारेवरच खड्डे पडले असतील, तर पॉलिशने काही होणार नाही. दगडावर नव्याने धार लावावी लागेल.