पंजाबातलं सेलेनियम गोव्याच्या मातीत शोधू नका: या चुका टाळा

दर पावसाळ्यात कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत ओली माती घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येतो आणि म्हणतो, "सर, यातलं सेलेनियम बघा." सेलेनियम म्हणजे मातीतलं एक मूलद्रव्य, शरीराला चिमूटभर लागतं, जास्त झालं की विष. आदल्या रात्री त्याने मोबाईलवर पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहरकडच्या सेलेनियमचा व्हिडिओ बघितलेला असतो. मी आधी चहा सांगतो, कारण पुढचं बोलणं लांबतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, कोरड्या मुलखाचं गणित आपल्याकडे लावणं. पाऊस कमी, माती अल्कधर्मी आणि हवा खेळती असली की सेलेनियम सेलेनेट या सहज विरघळणाऱ्या रूपात राहतं. ते पाण्याबरोबर फिरतं आणि मुळं ते सहज उचलतात. आपली जांभी माती आम्ल, लोहाच्या ऑक्साइडने भरलेली, वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे त्याचं सेलेनाइट हे दुसरं रूप होतं आणि लोहाला असं चिकटतं की झाडाच्या हाती फारसं लागत नाही. म्हणून 'मातीत एकूण किती' हा आकडा एकटा फिरवू नका. झाडात किती उतरलं ते विचारा.

दोन वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातले एक दूधवाले काका आले. म्हशीच्या शेपटीचं टोक वाळून काळं पडलेलं, कानाच्या कडा तशाच, मागचा एक खूर सुटायला आलेला. काकांनी इंटरनेटवर 'डेगनाला' हा शेपटी, कान, खूर सडवणारा जनावरांचा रोग वाचला, त्याखाली कुणीतरी सेलेनियम लिहिलेलं होतं, आणि त्यांनी जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) तीन गोणी मोरड, म्हणजे उंचावरच्या शेतात टाकूनही दिल्या. पंजाबात जिप्समचा उपयोग होतो हे खरं आहे. त्यातलं सल्फेट मुळाच्या दारात सेलेनेटशी धक्काबुक्की करतं, मग पिकात सेलेनियम कमी शिरतं. पण सेलेनेटच नसेल तर सल्फेट भांडणार कुणाशी?

मी माती बाजूला ठेवली आणि म्हटलं, "काका, आधी गोठा दाखवा." माळ्यावरचा पेंढा उचलला तर खालचा थर काळा, बुरशीने माखलेला, वासही कुबट. डेगनाला हे नाव आता पाकिस्तानात असलेल्या डेग नाल्यावरून पडलंय. त्या रोगात पहिला संशय भाताच्या भिजक्या, बुरशीच्या पेंढ्यावर घेतात. सेलेनियमचं नाव नंतर येतं आणि त्यावर अजून वाद आहे. मी पशुवैद्य नाही, म्हणून पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी पेंढा बंद करायला लावला, जखमांना औषध दिलं. म्हैस गणेश चवथीपर्यंत सावरली, शेपटीचं टोक मात्र गेलं ते गेलंच. काका अजून भेटले की गोणींच्या पैशांचा विषय काढतात. मी सांगायच्या आधीच टाकल्या होत्या त्यांनी, पण असो.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली, आणि ती माझीच. सुरुवातीच्या काळात पंजाबातल्या गव्हाच्या काडाचे नमुने आमच्याकडे आले होते. आम्ल टाकून पचवले, हायड्राइड पद्धतीने, म्हणजे सेलेनियमचा वायू करून, यंत्रावर मोजले, आकडा शून्याला टेकलेला. दोन दिवस मी मिरवत होतो की लोक उगाच घाबरतात. मग ज्याचा आकडा आधीपासून ठाऊक आहे असा नमुना लावला, तोही जवळजवळ शून्य. हायड्राइड पद्धतीला सेलेनेट दिसतच नाही. आधी जोरकस हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून त्याचं सेलेनाइट करून घ्यावं लागतं. घाईत मी तेवढंच वगळलं होतं. पुन्हा केलं तेव्हा पहिला आकडा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक घाण्यात ठाऊक आकड्याचा एक नमुना असतोच. नवी पोरं विचारतात, "सर, दर वेळी कशाला? वेळ जातो." जाऊ दे की.

काड सुकवतानाही असंच. भट्टी शंभरावर नेऊन एका रात्रीत उरकू नका, सेलेनियमची काही संयुगं उडून जातात. मी साठच्या वर जात नाही, पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी. पचवताना भांडं कोरडं पडू दिलं तरी तोच तोटा.

एका खड्ड्यातल्या मुठीवर अख्ख्या शेताचा निकाल लावू नका. पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या बाजूने पुराचं पाणी गाळ घेऊन आलं आणि जिथे साचलं तिथेच सेलेनियम वाढलं. थोडं पलीकडे गेलं की शेत नेहमीसारखं.

लसणाचा वास आला म्हणजे सेलेनियम, हेही सोडा. अमेरिकेच्या कोरड्या पट्ट्यात अॅस्ट्रागॅलस या रानझुडपाच्या काही जाती ते इतकं साठवतात की उग्र वास येतो, पण त्याच कुळातल्या बाकीच्या कित्येक साठवत नाहीत. कुळागरात, म्हणजे आपल्या सुपारी-नारळाच्या बागेत, वास आला तर आधी शेजारणीची फोडणी बघा.

आणि गोळ्या. गोव्याच्या मातीत कमी, म्हणून आपण भरून काढू, असं म्हणणारे आता वाढलेत. अमेरिकी शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरतात, ४०० ही वरची मर्यादा. गोळीवर मायक्रोग्रॅम लिहिलंय की मिलिग्रॅम, हे चष्मा लावून वाचा. वासरांच्या सेलेनियमच्या इंजेक्शनचंही तेच, 'थोडं जास्त दिलं तर बिघडतं काय' म्हणणाऱ्याच्या हातात मी सुई देणार नाही.