टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरून अभ्यास करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती एकच चूक: पॅटर्न (म्हणजे अभ्यासक्रम कोणत्या वर्षीचा आहे ते) न बघता चॅनेलवरची पीडीएफ वाचायला घेणं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगचे २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न झाले. विषयाचं नाव बऱ्याचदा तेच राहतं, आतले टॉपिक मात्र बदलतात. शिवाय २०१९ पॅटर्नमध्ये इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटवर, आणि एंडसेम, म्हणजे शेवटची, ७० गुणांची, उरलेल्या चार युनिटवर. हे लक्षात न घेता कुणीतरी टाकलेले ‘इम्पॉर्टंट प्रश्न’ पाठ केले, तर एंडसेमच्या आदल्या रात्री निम्मा वेळ युनिट १ वर जातो. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर पॅटर्न आणि विषयाचा कोड छापलेला असतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सिलॅबस उतरवा, कोड जुळवा, मगच प्रश्न सोडवा. पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारातून, अप्पा बळवंत चौकातून, जुने पेपर घेतानाही हीच खात्री करा.

‘पेपर पुढे ढकलला’ हा मेसेज पावसाळ्यात हमखास फिरतो. परिपत्रक खरंच असतं, पण मागच्या वर्षीचं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख कापलेली असते. अख्खं पान मागा, तारीख आणि जावक क्रमांक बघा. मेसेजमधल्या लिंकवर न जाता वेबसाइट स्वतः उघडून परीक्षा विभागाची सूचना वाचा.

फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि घातांक पुसट होतात. वर्ग की घन, तेच कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आलेली फाइल त्याच दिवशी उतरवून विषय-युनिट-पॅटर्न असं नाव द्या. बरेच दिवस न उघडलेली फाइल पुढे उतरतच नाही, आणि ग्रुपवर गायब होणारे मेसेज सुरू असतील तर ७ दिवसांतही साफ होऊ शकते.

यूट्यूबवरचं वन-शॉट लेक्चर, म्हणजे अख्खं युनिट किंवा विषय एकाच व्हिडिओत, दुप्पट वेगानं बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. गणित मांडलं की व्हिडिओ थांबवा, वहीत स्वतः सोडवा, अडलं तरच पुढे बघा.

अडलंच, तर ग्रुपवर ‘युनिट ४ कळत नाहीये, कुणी सांगा ना’ असं टाकू नका. एवढ्यावर उत्तर देणार तरी काय? आपण सोडवलेल्या पानाचा फोटो टाका, अडलेल्या पायरीला गोल करा आणि विचारा: ‘लाप्लासच्या या गणितात तिसऱ्या ओळीत चिन्ह का बदललं?’