पावसाळ्यात आरएक्स १०० उभी करून ठेवताना

यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे सगळ्यात नवी गाडीही आता पंचविशी ओलांडलेली. मुंबईच्या पावसात तीन-चार महिने चालवणार नसाल तर नुसती बंद करून जिना चढू नका. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उरलेलं पेट्रोल सुकलं की जेटच्या, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या नळीच्या, बारीक भोकात पिवळट चिकटा बसतो. दिवाळीत किक मारून पाय दुखतो तो त्यानेच. मग स्पार्क प्लग काढून त्या भोकात दोन चमचे २टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) सोडा, किक हाताने चार-पाच वेळा हळू दाबा, प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा (आणि ती नंतर काढायची आठवण राहावी म्हणून हँडलला दोरा बांधा, आम्ही एकदा विसरलो होतो). आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओल धरायची खोड, त्यामुळे टाकी आतून गंजते. ती काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धवट नको. वर प्लास्टिक गुंडाळाल तर आत घाम सुटतो. जुनी सुती चादर बरी, पण गाडी छपराखाली हवी.