क्लॅरिनेटच्या रीडचा कट कसा निवडावा

मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात क्लॅरिनेटची रीड (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर, म्हणजे माउथपीसवर, बसवलेली आणि फुंकल्यावर थरथरून स्वर देणारी बोरूची पट्टी) मागितली की पहिला प्रश्न नंबरचा येतो: दोन, अडीच की तीन? (नुसते 'रीड' म्हटले, तर समोरचा पेटीचे सूर दाखवू लागण्याचीही शक्यता असते.) नंबर मोठा म्हणजे रीड जाड, असे अनेकजण धरून चालतात, पण ते खरे नाही. एकाच प्रकारातील दोन आणि तीन नंबरच्या रीड एकाच मापाने कापलेल्या असतात. फरक असतो तो बोरूच्या मूळच्या कडकपणात, आणि कापून झाल्यावर तो मोजून नंबर टाकला जातो. जाडी आणि उतार ठरतात ते कटवरून, म्हणजे रीड कापण्याच्या घडणीवरून, म्हणून आधी कट आणि मग नंबर हाच निवडीचा क्रम ठेवावा.

बहुतेक रीड ज्या बोरूपासून बनतात तो दक्षिण फ्रान्सच्या वार भागातला विशेष नावाजलेला आहे. रीड उजेडासमोर धरली की टोकाशी पातळ कड आणि मध्यभागी गडद दिसणारा गाभा ओळखता येतो. टोक जितके पातळ तितका स्वर चटकन उठतो. गाभा आणि बूड (टोकाच्या विरुद्धची बाजू) जाड असले की आवाजाला भरीवपणा येतो, पण फुंकीचे श्रमही वाढतात. व्हॅनडोरेन कंपनीच्या निळ्या डबीतील 'ट्रॅडिशनल' रीडचे टोक सुमारे ०.०९ मिलिमीटर आणि बूड २.८ मिलिमीटर असते, तर 'व्ही १२'चे टोक सुमारे ०.१० आणि बूड ३.१५ मिलिमीटर असते. आकडे पाहून फरक नगण्य वाटेल, परंतु ओठाला तो पहिल्याच फुंकीत कळतो. नवशिक्याने केवळ मोठे वादक वापरतात म्हणून 'व्ही १२' घेऊ नये, असे माझे मत आहे. ट्रॅडिशनलची दोन किंवा अडीच नंबरची रीड पहिल्या वर्षभरासाठी पुरेशी आहे.

दुसरा भेद 'फाइल्ड' आणि 'अनफाइल्ड' असा. जिथून रीड खरवडायला सुरुवात होते, तिथली सालीची कड अर्धगोलाकार असेल तर ती अनफाइल्ड. आणि त्यामागची साल आणखी थोडी काढून कड सरळ रेषेत आणली असेल तर ती फाइल्ड. फाइल्ड रीड मोकळेपणी थरथरते, त्यामुळे खालचे सूर हळू आवाजातही सहज उठतात. ज्याचा माउथपीस मुळातच गडद स्वराचा आहे त्याला ती मानवते, तर ज्याचा स्वर आधीच तीक्ष्ण आहे त्याने अनफाइल्ड वापरून पाहावी. डॅडारिओ कंपनीची 'रिको' नावाची साधी नारिंगी डबीतली रीड अनफाइल्ड आणि 'रॉयल' (पूर्वीची 'रिको रॉयल') फाइल्ड असल्याने ही तुलना कमी खर्चात करता येते. मात्र रॉयलची तीन नंबरची रीड व्हॅनडोरेनच्या तीनपेक्षा मऊ लागते, हे कंपनी बदलताना ध्यानात ठेवावे.

माउथपीस विचारात न घेता रीड निवडणे म्हणजे पायाचे माप न देता चप्पल घेणे. रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांमधली फट मोठी असेल तर मऊ रीड हवी, लहान असेल तर थोडी कडक. यामाहाच्या ४सी माउथपीसची फट सुमारे १.०५ मिलिमीटर, तर व्हॅनडोरेन बी४५ची जवळजवळ १.२ मिलिमीटर असते. पहिल्यावर नीट बोलणारी तीन नंबरची रीड दुसऱ्यावर दम काढते. जर्मन कटच्या रीड अरुंद असतात आणि आपल्याकडच्या नेहमीच्या फ्रेंच घडणीच्या माउथपीसवर त्या बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नवीन कट पारखताना माउथपीस आणि लिगेचर (रीड माउथपीसवर आवळून धरणारा पट्टा) तेच ठेवावे, अन्यथा बदल कशाचा हे समजत नाही. आधी मोकळा, म्हणजे एकही छिद्र न दाबता येणारा जी धरून ठेवावा, मग अगदी खालचे सूर हळू वाजवावेत, शेवटी वरच्या सप्तकात जावे. वरचे सूर उतरत असतील किंवा आवाज मिटत असेल तर रीड मऊ आहे. स्वरात फुसफुस मिसळत असेल तर कडक. नंबर बदलण्यापूर्वी रीड केसभर खाली सरकवून पाहावी, त्याने ती किंचित मऊ वाटते, आणि वर सरकवल्यास कडक. त्यानंतर माउथपीस तोंडात जरासा डावीकडे, मग उजवीकडे फिरवून फुंकावे. एका बाजूने स्वर कोंडला, तर ती बाजू जड आहे आणि बारीक पॉलिशपेपरने तिथे एक-दोन हलके हात पुरतात. मी सुरुवातीला उत्साहाने दहा-बारा हात मारले होते आणि ती रीड त्याच दिवशी संपली.

एकाच रीडवरून कटचा निकाल देऊ नये. दहाच्या डबीतील निदान चार रीड पेन्सिलीने क्रमांक घालून आळीपाळीने वाजवाव्यात, पहिल्या दिवशी प्रत्येकी दोन-तीन मिनिटेच. मुंबईत ही परीक्षा जुलैत घेऊ नये हे उत्तम. हवेतील दमटपणाने बोरू फुगतो, टोकाला लाटा पडतात आणि चांगला कटही वाईट ठरतो. उलट वातानुकूलित सभागृहात तीच रीड सुकून कडक लागते. गणपतीच्या मिरवणुकीत उघड्यावर वाजवणाऱ्या आणि सभागृहात वाजवणाऱ्या वादकाने म्हणूनच एकमेकांचा सल्ला जपून घ्यावा. पावसाळ्यात रीड वाजवून झाल्यावर पुसून, सपाट तळाच्या रीडकेसमध्ये ठेवावी. ओली रीड प्लास्टिकच्या टोपीखाली माउथपीसवरच राहिली, तर दोन दिवसांत तिच्यावर काळी बुरशी येते.